शिडीचं दुसरं टोक

प्रिय धाकटे,

सोफा मी विकलेला नाही आणि विकणारही नाही. तू विचारलं नाहीस, माहीत आहे मला. कोणीच विचारलं नाही. तरी सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी माझ्या नावाने ओरडायला नको. एका बाजूची स्प्रिंग गेली आहे, हात ठेवायची जागा उसवली आहे, मधोमध तुझ्या चहाचा डाग आहे तो आहेच. असू दे. माझी दुपारची झोप त्याच्यावर होते, आणि नव्या फर्निचरशी ओळख करून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही.

पत्राची मला सवय नाही. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, ते आता आठवत नाही, पण अक्षर बघून तुला कळेलच. फोनवर तू ‘बरी आहे मामा’ म्हणतेस आणि ठेवतेस. मग माणसाने करायचं काय? मी बरा आहे. म्हणजे बरा नाही, दमलोय. जन्मभर लोकांची छतं रंगवली, आता हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायचे तर मान खाली घालून डोकं कंगव्याकडे न्यावं लागतं. डॉक्टर म्हणतो आराम करा. आराम कुठे करू? तुझ्या ताईने कॉम्प्युटर टीव्हीला जोडून ठेवलाय. सकाळपासून टीव्हीवर तुम्ही दोघींनी बनवायला घेतलेल्या त्या गेममधले दोन रंगारी, लांब्या आणि बुटक्या, आणि त्यांची ती शिडी. बातम्या बघून किती दिवस झाले. जगात काय चाललंय मला पत्ता नाही.

आणि त्यात मलाच खेळायला बसवते. तुमचा तो कंट्रोलर, मी त्याला रिमोट म्हणतो, बिघडत काही नाही. मी बुटक्या. शिडीचं मागचं टोक माझ्याकडे. ती म्हणते, मामा, आता धरून ठेवा, मी चढते. मी धरायला जातो तर बुटक्या शिडी सोडून भिंतीकडे तोंड करून उड्या मारतो. लांब्या धाडकन खाली. गंमत बघ, माझ्याच धंद्याची चोरी केलीत तुम्ही. मी आणि माझा जोडीदार जिन्यात शिडी अडकवून एकमेकांचा उद्धार करायचो, ते बघत तुम्ही दोघी पायरीवर बसून फिदीफिदी हसायचात. आणि आता त्यातलं मलाच जमत नाही. पण तुझी ताई ओरडत नाही गं माझ्यावर. ‘असू दे मामा, परत करू’ म्हणते. हेच मला खटकतं. तू बसायचीस तेव्हा काय आरडाओरडा असायचा! ‘मागे ये ना, माठ कुठली!’ ‘तूच पुढे पळतेस, घोडे!’ खालचा कंपाउंडर छताला झाडू आपटायचा. मी दोघींवर चिडायचो, आणि मग तुम्ही दोघी एक होऊन माझ्यावर.

त्या गेमच्या प्रदर्शनात झालं ते मी काढणार नव्हतो. पण काढल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. मी तिथे मागेच उभा होतो, तुमच्या पिशव्या सांभाळत. ऐन वेळी एक रिमोट मेला. गेम बाजारात आणणारा तो पैसेवाला माणूस खुर्ची ओढून समोर बसलेला, मागे हीऽ गर्दी. ताईने टेबलावरचा जुना कीबोर्ड ओढला. डावीकडे ती, उजवीकडे तू, एकाच कीबोर्डवर चार हात. गच्चीवरून गच्चीवर जायची जागा आली. लांब्याने शिडी धरून पुढे ढकलायची आणि त्याच वेळी बुटक्याने उडी मारायची होती. बुटक्या हललाच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लोक हसायला लागले. तू म्हणालीस, मी दाबलं होतं. आणि ताई सगळ्यांसमोर म्हणाली, ‘हिचं लक्षच नसतं, घरीही हेच.’ तू गळ्यातलं नावाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलंस आणि निघून गेलीस. पुढे दुसऱ्या गावात नोकरी. चांगली आहे ना नोकरी? असेल. लोकांच्या हिशोबाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतेस म्हणे.

इथे तिने उरलेला गेम एकटीने केला. एक रिमोट उजव्या हातात, एक डाव्या हातात, दोन्ही रंगारी तीच. मला वाटलं, भले शाबास, एका पगारात दोन माणसं. मग तपासायला म्हणून तिने कंपाउंडर आणि त्याच्या बायकोला वर बोलावलं. झाडू आपटणारा माणूस सोफ्यावर कसा सभ्य बसला होता म्हणून सांगू! दोघं बसले, खेळले, शिडी इकडून तिकडे नेली, कुठे अडलं नाही, एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तसे. छान आहे म्हणाले आणि गेले. मला वाटलं जिंकलो. ताई तिथेच बसून राहिली. म्हणाली, ‘मामा, ते भांडलेच नाहीत.’ मी म्हटलं, मग बरंच झालं की. तर म्हणाली, ‘माझ्या दोन हातांचं आपसात कधी भांडण झालं नाही, म्हणून गेममध्येही नाही. बोलायची गरजच पडत नाही कोणाला. मेलेला गेम आहे हा.’ मला काही ते पटलं नाही. पण ती जेवली नाही.

मग गेल्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी. मी सोफ्यावर आडवा, ती माझ्या पायाशी जमिनीवर. रिमोट चार्जिंगला होते, म्हणून माळ्यावरचा तोच कीबोर्ड काढला. डाव्या हाताने लांब्या, उजव्या हाताने बुटक्या. तीच गच्ची आली. बुटक्याने उडी मारली नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. मी म्हटलं, अगं मोडशील ते. तिने हात उचलला नाही. बटणावर बोट तसंच ठेवून हळूच म्हणाली, ‘मामा, तिने दाबलं होतं.’ मग मला समजावलं. जुना कीबोर्ड ठरावीक बटणं एकदम घेत नाही. डावीकडच्याने शिडी धरून पुढे ढकललं की उजवीकडच्याचं उडीचं बटण तो गिळून टाकतो. हा धंदा शिकणाऱ्याला हे सगळ्यात आधी सांगतात म्हणे. त्या दिवशी घाईत दोघींनाही आठवलं नाही. तू म्हणत होतीस तेच खरं होतं. हे कळायला तिला स्वतःचा हात तुझ्या जागी ठेवावा लागला.

तेव्हापासून ती तुला लिहायला बसते आणि पुसते. मी बघतो ना, डोळे मिटलेले असले तरी. काय तोंडाने लिहू म्हणते. आणि सोमवारी त्या पैसेवाल्याला उत्तर द्यायचंय. तो म्हणतो, शेजारी माणूस बसवून खेळायला हल्ली कोणाकडे माणूस आहे? बुटक्याला कॉम्प्युटरच चालवू दे, एकट्याचा गेम करा. ताई हो म्हणणार आहे. काल मला म्हणाली, मामा, सोफा काढून टाकू, दोघांची बसायची जागा ठेवून करायचंय काय, तिथे माझं टेबल येईल. मी नाही म्हटलं आणि सोफ्यावर आडवा झालो, उठवून दाखव म्हटलं. पण मी किती दिवस आडवा राहणार? म्हणून हे लिहिलं. तिला माहीत नाही. शनिवारी ये. माफ करायला येऊ नकोस, तसलं रडणं-बिडणं मला घरात नको. ये, तुझ्या बाजूला बस आणि त्या घोडीला जे काय बोलायचं ते मोठ्याने बोल. कंपाउंडरला मी सांगून ठेवलंय. झाडू त्याने लपवलाय. यायचं नसेल तर तसं कळव, म्हणजे मी उठतो. यावर मी आणखी काही बोलणार नाही. फोन करून विचारलंस तरी नाही.

तुझाच,
मामा