हेन्रीला आवतण

विलायत, ९ जुलै १९७२

चि. सौ. भामास,

बनाबाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि. इकडे आम्ही चौघं खुशाल आहोत. विमानात मी घाबरले नाही. रंभाजी भाऊजी पैज हरले, असं त्यांना सांग.

मच्छिंद्रच्या बाळाला परवा सव्वा महिना झाला. मच्छिंद्र दवाखान्यात नोकरीला जातो आणि सूनबाई बाळाचं सगळं पुस्तकात बघून करते. अंघोळ घालायची तर आधी पाण्यात काचेची नळी बुडवते. मी एकदा बाळाला पायावर घेऊन, तेल चोळून अंघोळ घातली, तर बाळ हसलं आणि सूनबाई रडली. आता आमची वाटणी झाली आहे. मंगळवार आणि शनिवार माझे.

उरलेल्या दिवसांचं काय करावं, असं वाटत होतं. वाचायला आणलेली तीन पुस्तकं पंधरा दिवसांत संपली. मग एक गंमत झाली. ह्या गावाला समुद्र आहे. उन्हाळ्यात पोरं वाळूत गाढवावर बसून फिरतात. ती गाढवं म्हातारी झाली, की त्यांना ठेवायला गावाबाहेर एक जागा आहे. मिस पार्सन्स नावाची सत्तरीची बाई ती चालवते. लग्न केलेलं नाही, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बाळाची गाडी ढकलत आम्ही तिथून जात होतो. कुंपणाशी एक गाढव उभं होतं. खोगीर घासून त्याच्या खांद्यावरचे केस गेलेले, कातडं उघडं पडलेलं. माझा हात आपोआप आत गेला. औत ओढून घट्टे पडलेला आपल्या चांद्याचा खांदा मी चोळते, तसा चोळला. त्यानं मान खाली घातली आणि डोळे मिटले. ती बाई लांबून बघत होती. आली, आणि तिनं फाटक उघडलं.

आता मी रोज सकाळी दोन तास तिथं जाते. झाडते, पाणी भरते, खरारा करते. पगार नाही, तिथं कुणालाच नाही, सगळे हौसेनं येतात. माझ्या गाढवाचं नाव हेन्री आहे. मच्छिंद्र म्हणाला, हे त्यांच्या जुन्या राजांचं नाव. इथं गाढवाला राजाचं नाव ठेवलं तरी कुणाला राग येत नाही. लीद बघून हात शिवशिवतात, पण गाढवाच्या लिदीच्या गोवऱ्या होत नाहीत.

चांद्याला वेळेवर पाणी दाखव. पाऊस कसा आहे ते लिही. तुमच्या दोघांवर माझा जीव आहे, तो तिथं तुमच्याजवळच ठेवून आले आहे असं समज.

तुझी आक्का

•

बोरवाडी, ता. जामखेड
२ ऑगस्ट १९७२

ती. गं. भा. आक्कांच्या चरणी भामाचा शिरसाष्टांग नमस्कार. कृ. वि. वि.

तुमचं निळं पत्र पोचलं. मी यांना वाचून दाखवलं, आणि तेच चुकलं. वहिनी सातासमुद्रापलीकडं जाऊन गाढवं सांभाळते म्हणून हे दोन दिवस पारावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सहादू तात्यांनी विचारलंच, तर यांनी सांगितलं, की वहिनी घोड्यांच्या पागेवर आहे. आता गावभर तेच झालं आहे. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारते, आक्का घोड्यावर बसतात का. मी हो म्हणते. परत आलात, की तुमचं तुम्ही निस्तरा.

आक्का, पाऊस नाही. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही नुसती शिंतडून गेली. पेरलेलं उगवून करपलं. विहिरीला तळ दिसतो. मी आणि हे दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जातो. रेशनला लाल ज्वारी येते, मिलो म्हणतात तिला. अमेरिकेतून जहाजानं येते. आमचं माणूस समुद्रापलीकडं गेलं आणि त्यांची ज्वारी इकडं आली, असं हे म्हणतात. भाकरी थापली, की तिला चिरा पडतात.

लिहू नये वाटतं, पण तुम्ही खरं लिही म्हणून सांगून गेला आहात. गंजी संपली. चांद्याला लिंबाचा पाला आणि छपराचं जुनं पाचट देतो. त्याच्या बरगड्या मोजता येतात. श्रीमंत नावाचा जनावरांचा दलाल दोनदा येऊन गेला. तो म्हातारी जनावरं कुठं नेतो ते सगळ्यांना माहीत आहे. हे म्हणतात, दावणीला मरण्यापेक्षा दिलेला बरा. पण वहिनीला विचारल्याशिवाय दोर सोडणार नाही, असंही म्हणतात.

माझ्या भावाकडं, राहात्याला, पाटाचं पाणी आहे. घासाचे वाफे हिरवेगार आहेत. पण तिथलं नाव काढलं, की हे ताटावरून उठतात. छगनदादाच्या मुलीच्या लग्नात यांना मानाचा फेटा सगळ्यात शेवटी बांधला, त्याला सहा वर्षं झाली. त्या फेट्याच्या पायी मी सहा वर्षं माहेर पाहिलेलं नाही. तर ती वाट बंदच आहे.

तुम्ही सांगाल तसं करू. बाळाला माझा पापा. मला विसरू नका, गाढवं मिळाली तरी.

तुमची भामा

•

विलायत, १८ ऑगस्ट १९७२

चि. सौ. भामास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. चांद्याला देऊ नका. मी कार्तिकात येते, तोवर कसंही करून थांबा.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा तो मोठा झाला होता, म्हणून तुला ठाऊक नाही. त्याची आई विताना गेली. मालकांनी त्याला कापडाची वात दुधात बुडवून पाजली. तीन महिने ते गोठ्यातच झोपले. मालक गेले, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्याला कुणी वैरण टाकली नाही. घरात माणसं होती, रडणं होतं. तिसऱ्या दिवशी मला आठवलं. धावत गेले, तर तो नुसता उभा होता. ओरडलासुद्धा नव्हता. तेव्हापासून आधी त्याला वैरण, मग मला चहा.

इथं काम न करणाऱ्या बावीस गाढवांना दोन वेळचं गवत मिळतं. काल हिरव्या गवताचा भारा उचलताना माझा हात थांबला. मिस पार्सन्सनं विचारल्यासारखं पाहिलं. मी भारा उचलून हेन्रीपुढं टाकला.

भाऊजींना माझ्या वतीनं हात जोडून सांग. माझा शब्द ठेवाल, हे धरून चालते.

तुझी आक्का

•

विलायत, ११ सप्टेंबर १९७२

चि. सौ. भामास अनेक आशीर्वाद.

गेल्या गुरुवारी पोळा झाला. तू काय केलंस ते लिही. मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे छातीवरचं ओझं उतरेल.

बुधवारी मी हळद आणि घरी कढवलेलं तूप घेऊन गेले. हेन्रीची खांदेमळणी केली. मिस पार्सन्स कौतुकानं बघत होती. मग रीतीप्रमाणे मी त्याच्या कानात सांगितलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. सांगताना काही वाटलं नाही, पण सांगितल्यावर तो पाहुणा झाला. पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं? तिथं फाटकावर पाटी आहे, बाहेरचं काहीही खायला घालू नये. मच्छिंद्रनं ती मला पहिल्याच दिवशी वाचून दाखवली होती. पण भामा, मला वाटलं, ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे. आवतण दिलेल्याला ती कशी लागू होईल?

पाच पुरणपोळ्या नेल्या, तूप माखून. त्यानं पाचही खाल्ल्या आणि माझा हात चाटला.

दुपारी त्याचं पोट फुगलं. जमिनीवर पडून पाय झाडायला लागला. जनावरांचा डॉक्टर आला. ह्यानं काय खाल्लं, असं तो सगळ्यांना विचारत होता. मला इंग्रजी येत नाही, पण तेवढं कळलं. पोळ्या घालताना मला कुणी पाहिलं नव्हतं. मी पिशवीतून तुपाचं फडकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

डॉक्टरनं नाकातून नळी घालून तेल सोडलं. मग त्याला चालवत ठेवायचं होतं. संध्याकाळपर्यंत मी दोर धरून गोल गोल फिरले. शेवटी मिस पार्सन्सनं माझ्या हातातून दोर घेतला, माझ्याकडं न बघता. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र फोन करून आला आणि म्हणाला, लीद पडली, वाचला. लिदीची बातमी ऐकून मी आयुष्यात पहिल्यांदा रडले. पण सध्या तुम्ही येऊ नका, असंही त्या बाईनं सांगितलं आहे. बरोबर सांगितलं.

चार दिवस घरात बसून आहे. बसल्या बसल्या एक कळलं. ज्याचं पोट मला ठाऊक नाही, त्याला मी माझ्या मायेनं खाऊ घातलं. तुमच्याशीही मी तेच केलं. तुम्ही उन्हात खडी फोडता, आणि मी हिरव्या गवतात उभी राहून लिहिते, की चांद्याला देऊ नका. मागच्या पत्रातला हट्ट मागे घेते. तुम्ही दोघं जे कराल ते माझं. दिलात तर मला सांगा, लपवू नका, एवढंच. मी कुणाला बोल लावणार नाही.

माझी माया आहे तशीच आहे. फक्त तिला पाटी वाचायला शिकवते आहे.

तुझी आक्का

•

बोरवाडी, १४ ऑक्टोबर १९७२

ती. गं. भा. आक्कांना शिरसाष्टांग नमस्कार. कृ. वि. वि.

आधी सांगते, चांद्या आहे. आता सावकाश वाचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तूप नव्हतं, म्हणून मी गोडेतेल लावलं. आवतण यांनीच दिलं. दुसऱ्या दिवशी पुरण कुठलं? मिलोची भाकरी आणि गुळाचा खडा पुढं केला. चांद्यानं गूळ खाल्ला आणि भाकरी नाकानं ढकलली. हे म्हणाले, बघ, ह्यालासुद्धा अमेरिका चालत नाही. हसले, पण नंतर बराच वेळ गोठ्यातच बसून राहिले. त्याच आठवड्यात त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. तुमचं नको म्हणणारं पत्र पोचलं होतं, तरी आठ दिवस वाट पाहून यांनी श्रीमंत दलालाला निरोप धाडला, रविवारी ये.

शनिवारी तुमचं पोळ्याचं पत्र आलं. मी मोठ्यानं वाचलं. पाच पोळ्यांपाशी हे इतके हसले, की ठसका लागला. मग फडक्यापाशी पुढं सरकून बसले. पुढचं तुम्ही हट्ट मागे घेतल्याचं वाचलं, तर म्हणाले, पुन्हा वाच. दोनदा वाचलं. नंतर उठले आणि म्हणाले, की वहिनीनं परमुलखातल्या गाढवाला आवतण दिलं तर ते पाळलं, त्यासाठी चारचौघांत मान खाली घातली. मी घरच्या बैलाला आवतण देऊन पंधरा दिवसांत दलालाच्या हाती देतो, मग मला कसला आलाय मान आणि कसला फेटा?

रविवारी श्रीमंत आला, तेव्हा दावण रिकामी होती. हे पहाटेच चांद्याला घेऊन राहात्याच्या वाटेला लागले होते. नगरावरून, नऊ मुक्काम करत. शेवटचे दोन दिवस हे त्याच्या पोटाखाली पोतं धरून एका बाजूनं चालत होते म्हणे. छगनदादा मळ्यातून बघत होता. लोटाभर पाणी घेऊन रस्त्यावर आला आणि आधी चांद्याच्या पायांवर ओतलं, मग यांच्या. म्हणाला, दाजी, रागावू नका, मान वयाप्रमाणे द्यावा लागतो. हे म्हणाले, ह्या वेळीही आम्ही शेवटीच का? आणि दोघं रस्त्यात उभं राहून हसले.

चांद्या आता घास खातो. पायांनी बळ धरलं आहे. मी दिवाळीला माहेरी जाणार आहे, आक्का. सहा वर्षांनी. हे तुमच्या गाढवामुळं झालं, पण गावात मी घोडाच सांगणार.

लवकर या. तुमच्या वाटेकडं डोळे आहेत, तेही आता चार जणांचे, छगनदादा आणि चांद्या धरून.

तुमची भामा

•

विलायत, २६ ऑक्टोबर १९७२

चि. सौ. भामास खूप खूप आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा मच्छिंद्रला मोठ्यानं वाचायला लावलं, पण त्याच्याच्यानं वाचवेना.

परवा मिस पार्सन्स घरी आली, हातात गुलाब घेऊन. त्यांना खत आपल्या गाढवांचंच. मच्छिंद्रकडून तिनं मला विचारलं, की ती पिवळी पूड कसली होती. हेन्रीच्या खांद्यावर बारीक केस फुटताहेत. मी उरलेली सगळी हळद तिला दिली. तिनं मला हेन्रीचा जुना खरारा दिला, चांद्यासाठी. त्याचं मच्छिंद्रनं तिला सगळं सांगितलं होतं. मग ती म्हणाली, उद्यापासून या, फक्त पिशवी फाटकाबाहेर ठेवा. काल आणि आज मी ती बाहेरच ठेवली.

भाऊजींना सांग, पैज फिटली. आता भेटीतच बोलू. तोवर जिथं आहात तिथं सुखात असा.

तुझी आक्का

•

बोरवाडी, १० ऑगस्ट १९७३

चि. मच्छिंद्र व सौ. सूनबाईस आईचे अनेक आशीर्वाद. माझ्या नातवाला गालाला गाल लावून पापा.

यंदा पाऊस चांगला आहे. बाजरी गुडघ्याला लागली. आषाढात छगनराव स्वतः चांद्याला घेऊन आले. रंभाजी भाऊजींनी वेशीवर त्यांना आपल्या हातानं फेटा बांधला, सगळ्या गावाच्या आधी. भामा पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही. चांद्या आता काही ओढत नाही. बाभळीखाली बसतो. हेन्रीच्या खराऱ्याचा त्यानं पहिल्या दिवशी वास घेतला आणि शिंकला. आता खरारा हातात घेतला, की मान खाली घालतो आणि डोळे मिटतो. मालकांनी हात लावला, की तो असंच करायचा. मी तिथं थोडा वेळ बसते आणि मग चहाला जाते.

एक काम सांगते, विसरू नको. ह्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला पोळा आहे. सत्तावीसला दवाखान्यातून लवकर नीघ, बाळाला बरोबर घे आणि हेन्रीकडे जा. मिस पार्सन्सना माझा नमस्कार सांगून, त्यांना विचारून त्याचा खांदा हळद-तुपानं मळ. दुसऱ्या दिवशी एक गाजर दे. पुरणपोळी नाही, एक घाससुद्धा नाही.

पण आदल्या दिवशीचं आवतण मात्र कानात सांग, आणि मराठीतच सांग. त्यानं एकदा ऐकलं आहे.

तुझी आई