बटण मीच बंद केलं

सूनबाई,

टेबलावर संगणक दिसला नाही तर घाबरू नकोस, मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेतेय. सकाळी जपाला बसताना त्याची घरघर नको म्हणून भिंतीवरचं बटण मीच बंद केलं. पडद्यावर अपडेटचे कसलेसे टक्के भरत होते, तिकडे मी लक्षच दिलं नाही गं. आता संगणक म्हणतो, बूट ड्राइव्ह, म्हणजे तो ज्यावरून सुरू होतो ती डिस्कच, सापडत नाही. रोजचं बारापर्यंतचं मौन मोडून संगणक जाणणाऱ्या शेजारच्या काकांना फोन केला. त्यांनी सांगितलं तशी संगणकातल्या डिस्कांची यादी उघडली, तर दोन्ही नावं गायब.

उद्या द्यायचा तुझा प्रबंध त्यातच आहे ना? दुसरी प्रत कुठे ठेवली असलीस, तर फोन करून तेवढंच सांग. मी दुकानाच्या बाकावर बसून असेन. तोवर तुझ्यासमोर यायचं धाडस नाही.

आई