डावी नळी

मिरजोळे,
९ डिसेंबर १९८६

प्रिय रघू,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहिते आहे. रागावलास तरी तिकडे गोदीत बसून तू माझं काय करणार आहेस? इकडे सगळे बरे. तुझ्या भावोजींची कारखान्यात पाळी बदलली, त्यामुळे ते दिवसा झोपतात आणि मी घरात मांजरासारखी वावरते. आपल्या बागेतल्या काजूला मोहर चांगला धरलाय. हे सगळं मी उगाच लिहिते आहे हे तुला कळलंच असेल. जे लिहायचंय त्याची सुरुवात कुठून करावी ते मला सुचत नाही, म्हणून आधी गावभर झालेली बातमी सांगते. तुझी बहीण तबकड्या फोडते. जेवणाच्या नव्हे, उडत्या!

तात्यांच्या मागे आम्ही लांज्याहून इथे राहायला आलो आणि त्यांची दुनळी बंदूक बागेतल्या वानरांसाठी म्हणून माझ्या नावावर झाली, हे तुला माहीत आहे. इथे महिपत सुभेदार म्हणून एक गृहस्थ सैन्यातून निवृत्त होऊन आलेत आणि त्यांना घरी बसवत नाही. त्यांनी एका वेल्डरकडून स्प्रिंगचं यंत्र करून घेतलं आणि ते गावामागच्या उघड्या कातळावर, सड्यावर नेऊन बसवलं. दोरी ओढली की ते मातीची तबकडी हवेत भिरकावतं, आणि ती खाली यायच्या आत छर्ऱ्याने फोडायची. मुंबईहून मागवलेल्या तबकड्यांपैकी अर्ध्या एसटीच्या टपावरच फुटल्या. मग येसूबाई कुंभारणीला सांगितलं. तिने पहिली भट्टी इतकी मन लावून भाजली की छर्रा लागला की तबकडी टणकन वाजायची आणि धडधाकट गवतात येऊन बसायची. सुभेदार तक्रार घेऊन गेले तर म्हणते, "फुटाया पायजे तर आदी सांगायचा नाय? माज्या हातचा फुटत नाय म्हनून तर लोक येतात माज्याकडं." आता उन्हात वाळवलेल्या कच्च्याच देते, पण तोंड वाकडं करून.

बाकीच्यांकडे एकावर एक नळ्यांच्या नव्या बंदुका. माझ्याकडे तात्यांची, शेजारी शेजारी नळ्या आणि दोन चाप, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. कोल्हापूरहून आलेले एक साहेब ती बघून हसले. सुभेदार मात्र म्हणाले की अशा बंदुकीने नेम धरत बसायचं नसतं, डोळे तबकडीवर ठेवायचे आणि हात त्यांच्या मागोमाग जाऊ द्यायचे. मला हे वानरांनी केव्हाच शिकवलं होतं. दहांतल्या आठ फोडल्या तेव्हा साहेबांचं हसू गेलं. रघू, खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. या वयात कुणी आपल्याला शाबास म्हणेल असं वाटलं नव्हतं.

मग जोडीची पाळी आली. दोन तबकड्या एकदम उडतात, एक उजव्या नळीने फोडायची आणि लगेच दुसरी डाव्या नळीने. पहिली मी फोडायची आणि दुसरी खाली पडेपर्यंत बघत राहायची. बोट मागच्या चापावर जायचंच नाही. सुभेदारांना मी ठोकून दिलं की वडिलांची शिकवण आहे, एक बार नेहमी राखून ठेवायचा. त्यांनी बंदूक बिजागरीपाशी उघडून नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. उजवी नळी वापरून काळवंडलेली आणि डावी आरशासारखी. म्हणाले, "बाई, ही राखलेली नाय, ही टाकलेली हाय."

त्या सकाळबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही. पंधरा वर्षं झाली. रताळ्यांच्या मळीत डुक्कर शिरलं होतं, तू आंब्याखालून पहिला बार काढलास, ते उलटून बांधाकडे पळालं आणि मी तुझ्या हातातून बंदूक हिसकावून मागच्या चापाने दुसरा बार काढला. बांधापलीकडून दादू ओरडला. तात्या धावत आले तेव्हा बंदूक पुन्हा तुझ्या हातात होती. ती मी दिली की तू घेतलीस, हे मला आजही नीट आठवत नाही. तू म्हणालास, दोन्ही बार मीच काढले. दहा दिवसांवर माझं लग्न होतं. बंदूक चालवून भावकीतला माणूस जखमी करणारी मुलगी लांज्याच्या त्या मंडळींनी पत्करली नसती. तात्यांनी प्रकरण घरात मिटवलं आणि तुला मुंबईला धाडलं. तुझा कॉलेजचा अर्ज खुंटीवरच्या पिशवीत तसाच राहिला.

दादूच्या पोटरीवर सात भोकं होती. रक्त थांबेना म्हणून मी त्यांच्यावर तळहात दाबून बसले होते आणि सातही त्याच्याखाली झाकली गेली होती. दादू पुन्हा झाडावर चढला नाही. इतकी वर्षं तो खाली बसून दुसऱ्यांनी उतरवलेले आंबे निवडतो आणि येईल त्याला सांगतो, "रघ्यानं माजा पाय नेलान." तात्यांच्या तेराव्याला तू आलास तेव्हा तो पाठ करून जेवला आणि तू संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. मी दोघांना वाढत होते. मनाशी म्हणत होते की लागला तो पहिलाच बार असेल, माझा हवेत गेला असेल. हेच म्हणत मी पंधरा वर्षं काढली.

गेल्या रविवारी सुभेदारांनी सड्यावर दोन मोठे कागद टांगले आणि पंचवीस पावलांवरून एकेका नळीचा एकेक बार काढायला लावला. पंधरा वर्षांनी मी मागचा चाप ओढला. उजव्या नळीचे छर्रे कागदभर विखुरले. डाव्या नळीचे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसले. ते म्हणाले, दुनळीची रीतच ती, डावी नळी तोंडाशी आवळलेली, लांबच्या सावजासाठी. मी कागदावर तळहात ठेवून बघितला. उजव्यावर कुठेही ठेवला तरी तीनच्या वर भोकं येईनात. डाव्यावर नऊ आली, मग आठ. सात कुठेच आली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मळीत जाऊन आंब्यापासून बांधापर्यंत पावलं मोजली. सत्तावीस भरली. पुन्हा मोजली तर चोवीस. मग मी तिथेच बांधावर बसून राहिले. काडतुसं दोन्ही सारखीच होती, तात्या छर्ऱ्याचा एकच नंबर आणायचे. मला वाटतं तो माझाच बार होता, रघू. मग वाटतं, कागद म्हणजे काही दादूचा पाय नव्हे. मग पुन्हा वाटतं, मी पळवाट शोधते आहे.

एक विचारू? तात्यांनी बंदूक शिकवली ती तुला, मला नाही. डावी नळी आवळलेली असते हे तुला तेव्हाच ठाऊक होतं का? ठाऊक असून तू माझा बार अंगावर घेतलास, की अठराव्या वर्षी तोंडाला आलं ते बोललास? यातलं कुठलं उत्तर मला सोसवेल ते मलाच कळत नाही. तरी कळव.

डाव्या नळीचा कागद घडी घालून सोबत पाठवते आहे. तुझा तळहात आता माझ्यापेक्षा मोठा असेल, तरी ठेवून बघ आणि मोज. तुला विचारून मग काय ते ठरवावं असं आधी मनात होतं, म्हणूनच लिहायला बसले. पण विचारलं तर तू पहिल्या गाडीने येशील आणि पुन्हा मधे उभा राहशील, मला माहीत आहे. म्हणून हे पत्र पेटीत टाकून मी तशीच दादूकडे सगळं सांगायला जाणार आहे. तो काय म्हणेल, मला माहीत नाही. तू शिमग्याला घरी ये. रात्रीच्या गाडीने नको, दिवसाढवळ्या ये.

तुझ्या आडोशाला राहिलेली, तुझीच
मालनताई