‘बिजली के पंख’ आणि तुमचा माउथ ऑर्गन

समता कॉलोनी, रायपूर

प्रिय रामकृष्णराव,

सप्रेम नमस्कार (सप्रेम हा शब्द सवयीने पडला आहे). तुमचे गुडघे बरे असावेत आणि रक्तदाब ताब्यात असावा. माझा नाही, आणि त्याचं कारण तुम्ही आहात. तुमची बहीण यामिनी आठवडाभर नागपुरात तुमच्याकडे येऊन राहिली आहे, त्याविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त संगीताविषयी आहे.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी ‘बिजली के पंख’ ह्या ब्याऐंशी सालच्या पॉप अल्बमचं एकेक गाणं घेऊन परीक्षण लिहिलं. तबकडी तुमच्या घरची. माझ्याकडे तुम्ही घरी भरून दिलेली कॅसेट, आमच्या लग्नाच्याही आधीची. पहिल्या गाण्यात ड्रम असा बडवला आहे की गायिका त्याला घाबरून गाते असं वाटतं. दुसरं झोप आणतं. तिसऱ्यात ‘डार्लिंग’ हा एकच शब्द आहे, तरी त्यालाही गीतकार आहे म्हणे! चौथं यामिनीच्या आवडीचं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिलं (हे तिला सांगू नका). कॅसेट पालटली की पाचवं, नुसता माउथ ऑर्गन, मध्येच वाजवणाऱ्याला धाप लागते. त्याला मी ‘काळाच्या पुढचा धाडसी प्रयोग’ म्हटलं. आणि शेवटच्या गाण्यात ती भांडून निघून जाते, दार आपटतं, गाणं तिथेच तुटतं. ‘असा शेवट करायला छाती लागते,’ असं मी लिहिलं.

हे मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा यामिनी म्हणाली, “पुढे अजून एक कडवं आहे ना! काहून मानत नाही तुम्ही?” मी सगळ्यांसमोर म्हणालो, आमच्या हिला प्रत्येक गोष्टीला शेपूट जोडायची सवय आहे. लोक हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन गेली.

परवा स्मरणिकेचं काम बघणारी राधिका फोनवर अख्खा अल्बम घेऊन आली. “अंकल, माउथ ऑर्गनवाला ट्रैक तो इसमें है ही नहीं।” कसा असेल? तो वाजवणारे तुम्हीच होतात! स्वतःची फुंकाफुंक आधी घुसवून तुम्ही फीत संपवलीत आणि शेवटचं कडवं कॅसेटबाहेर ढकललंत. आणि ते कडवं आहे, रामकृष्णराव. ती कुठेही गेलेली नसते. जिन्यात बसलेली असते, तो बाहेर येण्याची वाट बघत. इतकी वर्षं मी समजत होतो की गेली म्हणजे गेली. ऐकून मी त्या पोरीसमोर रडलो. तिने पाणी आणून दिलं. ह्या वयात ही शोभा केवळ तुमच्यामुळे झाली.

तुमचा (सध्या नाइलाजाने),
भास्कर

ता. क. यामिनी माझा फोन उचलत नाही. संगीताच्या संदर्भातच, तिला जरा विचारून बघा.

ता. क. २. विचारू नका. शनिवारी मी येतोय. स्टेशनवर तुम्ही येऊ नका, तिला पाठवा. ती नाही म्हणाली तर मला कळवू नका. मी तरीही येणार आहे.