हिराकसाची गोळी

९ जुलै १९७९

चिखलातून गावभर फिरले, पायांत गोळे आलेत. आणि पाहिलं काय — गर्भारणींना वाटलेल्या माझ्याच गोळ्या उकिरड्यावर! वरची लाल साखर विरघळलेली, आत गंजासारखा भुगा. कारणं तीच. मळमळतं. शौचाला काळं होतं. पोट फुगून पोर अडतं. या उपकेंद्रावर आल्यापासून हेच ऐकते आहे.

पंचफुलाची मात्र धास्ती वाटते. पाचवा महिना. पापणी ओढून पाहिली, आत पांढरीफटक. विहिरीवरून घागर आणताना मधेच बसते. पहिल्या पोरीच्या, सुंदराच्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. गोळ्यांची पुडी दिली — जेवणानंतर घे, चहाबरोबर नको.

१२ जुलै

पंचफुलाची सासू धुरपता. तिने गोळी दाताने फोडली, चाटली, थुंकली.

"हे त हिराकस होय, बाई."

लहानपणी तिचा बाप हिरड्यात हिराकस घालून लुगडी काळी रंगवायचा. ती तुरट चव तिला पक्की ठाऊक. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. मी म्हटलं, हो, तेच. लोखंडाचं मीठ, पण शुद्ध केलेलं, औषधाच्या मापात. रक्त वाढतं त्याने.

संध्याकाळपर्यंत गावात झालं — नर्सबाई गर्भारणींना कपड्याचा रंग खाऊ घालते. खरं बोलायचाही आता कंटाळा येतो.

३ ऑगस्ट

पंचफुलाने आपणहून दुसरी पुडी मागितली. पापणी जराशी लाल वाटली. की माझ्या मनाचेच खेळ?

१९ ऑगस्ट

परवापासून लिहिणं झालं नाही.

परवा दुपारी पंचफुलाचा नवरा टिकाराम धावत आला. सुंदराच्या हाती कोनाड्यातली पुडी लागली होती. दोन वर्षांची पोर. लाल, गोड — मूठभर खाल्ल्या. ओकारीत काळं, मधे रक्ताची रेघ. मी तिला उचललं आणि आम्ही सेवाग्रामच्या दवाखान्यासाठी एसटी गाठली. पंचफुलाला यायचं होतं, पण तिला चक्कर येत होती. धुरपताने तिला धरून ठेवलं.

आर्वी येईतो पोरगी निवळली. खिडकीशी खेळू लागली, शेंगा मागू लागली. टिकाराम उठला. "झाली नं बरी. चाला वापस."

गाडीतल्यांनीही त्याचीच री ओढली. मी शिकताना ऐकलं होतं — या गोळ्यांचं विष मधे असं शांत होतं, आणि मग एकदम धरतं. फक्त ऐकलं होतं. पाहिलं कधी नव्हतं. पोरगी तर समोर हसत होती.

मी तिला मांडीवर आवळून धरलं. "उतरायचं तर तू उतर, टिकाराम. पोरगी मी देत नाही."

तो उतरला नाही.

सेवाग्रामला पोचलो तेव्हा तिचे हातपाय गार पडत होते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिने डोळे फिरवले. नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. टिकाराम भिंतीला डोकं टेकून बसला होता.

आज सकाळी सुंदराने डोळे उघडले, पाणी मागितलं. मी व्हरांड्यात जाऊन रडले. थकव्यानेच असेल.

२८ ऑगस्ट

सुंदरा घरी आली. आता हिंडतेफिरते. पण गाव माझ्याशी नीट बोलत नाही. गोळ्या तुमच्याच होत्या ना, विचारतात. होत्या.

धुरपताने सुनेच्या गोळ्या काढून घेतल्या. शेजारणींकडच्याही गोळा केल्या म्हणे. मला दारातच अडवलं. "आमच्या सुनेले आता काई देऊ नोका, बाई. आमचं आमी पाहू."

मी वाद घातला नाही. पहिल्यांदाच. खोलीवर येऊन झोपून राहिले.

८ ऑक्टोबर

गोळ्यांचे डबे कपाटात तसेच. कोणी मागत नाही, मीही देत नाही. केळझरला घरी गेलं की आई म्हणते, सोड ती नोकरी, कशी दिसतेस बघ.

पंचफुला अंगणात शेण टाकत होती. रस्त्यावरूनच पाहिलं. थांबले नाही. थांबायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर

पंचफुलाला पहाटेपासून कळा. मला बोलावणं नाही. तिचं मागचं बाळंतपण डोळ्यांपुढून हलत नाही. पिशवी भरून दाराशी बसले आहे.

२४ नोव्हेंबर

सकाळी धुरपता आली. पायरीवर बसली, पाणी प्याली. मुलगा झाला. रक्त गेलं, पण थोडंच. पंचफुला उठून बसली, पेज प्याली.

मी म्हटलं, गोळ्या तर तुम्ही फेकून दिल्या होत्या.

"मी कुठी फेकल्या? पोरीच्या हाती लागू नाई म्हणून कमरेले बांधून ठेवल्या. सांजच्यानं जेवण झालं का एक-एक देत होती मी तिले." मग कमरेची रिकामी पुरचुंडी सोडून म्हणाली, "सरल्या आता. अजून देता का?"