फळ्यावर एकही बिल्ला नव्हता

बोगद्याच्या तोंडाशी, ता. ११, सकाळ

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

हवेच्या नळीतून बिस्किटं आत जातात तशी चिठ्ठीही जाईल, असं साहेब म्हणाले, म्हणून लिहिते. तुम्ही चौघे उंचवट्यावर कोरडे आहात हे कळलं, तेव्हा कुठे घोटभर चहा घशाखाली उतरला. उतारात तुंबलेलं पाणी उपसतायत. तुझे भावोजी पंपापासून हलत नाहीत. जेवायला बोलावलं तर माझ्यावरच खेकसले. तू आत रुसून बसू नकोस, येईल ते खा.

लोभ वाढव म्हणत नाही, निदान बाहेर येईपर्यंत टिकव.
तुझी ताई


आतून, ता. ११, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाळी सुटताना मुकादम घसरले. त्यांना सावरत आम्ही तिघे मागे राहिलो आणि पाणी आलं. त्यांचा पाय सुजलाय, तोंड मात्र शाबूत आहे. बॅटरी वाचवायला अंधारात बसतो. पाण्याचा आवाज जवळ आला की मुकादमांना आणखी वर ओढतो. डोंगर पोखरून नदी शहराला नेणार होते, आधी आमच्या अंगावर आणली. चाचणीचं पाणी सोडण्याआधी दरवाजेवाल्या म्हाताऱ्याला आत कोणी आहे का हे बघता येत नव्हतं? बाहेर आलो की त्याची गचांडी धरतो. भावोजींना तोंडाशी उभं राहायला सांग. मला पहिला हात त्यांचाच हवा.

मोठ्यांना नमस्कार, तुला जरा जास्त.
बारक्या


ता. १२, सकाळ

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

गचांडी धरायची तर घरच्याच माणसाची धर. म्हाताऱ्याने फळा पाहिला होता. आत जाणारा आपला बिल्ला टांगतो, बाहेर येणारा काढतो. फळ्यावर एकही बिल्ला नव्हता. गर्दी नको म्हणून पहिला बाहेर येणारा सगळ्यांचे बिल्ले काढून घेतो, ही तुमची लाडकी पद्धत. त्या दिवशी पहिले आले ते हे. तुमचे बिल्ले मला यांच्याच खिशात सापडले.

म्हाताऱ्याला ऑफिसात कोंडलंय, पोलीस येणार आहेत. हे म्हणतात, बारक्या सुखरूप आला की बोलतो. बोलले तर नोकरी, खोली, सगळंच जाईल. गप्प राहिले तर म्हाताऱ्याच्या बायकोला मी तोंड कसं दाखवू? काय करू ते सुचत नाही रे.

रागावलास तरी कळव.
तुझी ताई


ता. १२, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो, वाचून पत्र पाण्यात फेकणार होतो. मग सगळ्यांना वाचून दाखवलं. रोज मागून "माझाही काढा हो" म्हणून ओरडणारे आम्हीच की. पण त्यापायी म्हातारा का अडकावा? पंप गाळाने बंद पडला की इथे पाणी चढतं. मी आलोच नाही, तर भावोजी कधी बोलणार? त्यांना सांग, बारक्या म्हणतो, आत्ताच बोला.

तुमच्या दोघांवर तेवढीच माया असलेला,
बारक्या


ता. १३, सकाळ

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांच्या हातात दिलं. दोनदा वाचलं, पंप नीट चाललाय ना बघितलं, हात धुतले आणि ऑफिसात गेले. अजून आतच आहेत. मला भेटू देत नाहीत.

म्हातारा सुटला. घरी न जाता थेट पंपावर आला. माझ्या हातचा चहा घेतला नाही, पण तेव्हापासून गाळ उपसतोय. पाणी कमरेइतकं उतरलंय. आज तुम्हाला दोर धरून बाहेर काढतील.

तोंडाशी आलास की तुझे डोळे यांना शोधतील, म्हणून आधीच सांगते, हे तिथे नसतील. पहिला हात म्हाताऱ्याचा असेल. तो धर.

तुझ्या लोभाची आज फार गरज असलेली,
ताई