मिस्टर रेणू बिरादार परदेशी

८ जानेवारी १९९७

टारगेट पूर्ण! रंगाच्या कंपनीचे साहेब स्वतः हैदराबादेत, अंबरपेठेतल्या आमच्या दुकानावर आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. थायलंडची सहल — विमानाने! चकचकीत कागदावरचं चित्र दाखवलं. हिरवा समुद्र, त्यात उभे दगडी डोंगर, डोंगरांच्या पोटात गुहा. रंगाचे डबे विकून हे मिळवलं मी! आमचे हे असते तर काउंटरवर चढून नाचले असते. हे गेल्यापासून दुकान एकटीच ओढतेय.

एकच घोळ. सहल जोडीची. साहेब चाचरले — "मॅडम, आपल्यासोबत कोण...?" म्हटलं, कळवते.

९ जानेवारी

पुण्याहून विवेकभावजींचा फोन. सासूबाईंशीच बोलले. दुकान विकून टाकू, चपलांचा शोरूमवाला मागे लागलाय, वहिनींना पुण्याला आमच्याकडे आणू. दुकान सासूबाईंच्या नावावर, तेव्हा त्या म्हणतील ते. फोनवर नुसतं "हौ... हौ..." चाललेलं. मला एवढंच म्हणाल्या — "बघू."

बघू म्हणजे काय? ना मूल ना बाळ. दिराच्या घरी पोळ्या लाटत बसू? दुकान गेलं तर मी उरतेच किती? खूप रडले.

१० जानेवारी

एक वेडेपणा केला. सासूबाईंना म्हटलं, तुम्हीच चला माझ्यासोबत! डोळे वटारले — "मी? नवरा म्हणून?" मग पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या! दुपारपर्यंत नाहीच म्हणत होत्या. संध्याकाळी हळूच — "तिकडं नऊवारी चालतं का गं?"

येतायत! दुकानाचं विचारलं तर म्हणाल्या, "फिरून आल्यावर सांगते." म्हणजे अजून आशा आहे!

१४ फेब्रुवारी

पासपोर्ट आले. फोटोत सासूबाई फौजदार दिसतात. खूष आहेत.

२३ फेब्रुवारी, फुकेत

काय सांगू! विमानात सासूबाईंनी पट्टा बांधला तो सोडायलाच तयार नाहीत. जेवणाचा ट्रे आला तर सगळ्या चिमुकल्या वाट्या पिशवीत! हवाईसुंदरी बघतच राहिली.

उतरल्यावर कंपनीने छातीवर लावायला बिल्ले दिले. डीलर म्हणजे पुरुषच, असं छापणाऱ्याने धरून टाकलेलं. माझ्या बिल्ल्यावर "मिस्टर रेणू बिरादार"! सासूबाई "मिसेस बिरादार". अफझलगंजचे डीलर करीमभाई, बायकोला घेऊन आलेत, ते तर लोटपोट — "अम्मा, तुमारे मिस्टर बहोत दुबले हो गए!"

खरी मजा खोलीत. एकच पलंग. टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. आणि चादरीवर गुलाबाच्या पाकळ्यांचा हा एवढा बदाम! आम्ही दोन विधवा दारात उभ्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढी फुलं फुकट घातली गं! देवीला तरी वाहिली असती." मग खरंच ओंजळभर उचलून पिशवीतल्या तुळजाभवानीच्या फोटोला वाहिली. उरलेल्या पाकळ्यांवर आडव्या झाल्या आणि मला म्हणतात — "मिस्टर, दिवा मालवा आता!" हसून हसून पोट दुखतंय. दुकानाचं आज एकदाही मनात आलं नाही. नाही — एकदा आलं.

२४ फेब्रुवारी

फांगनगा म्हणतात त्या उपसागरात गेलो. आम्ही दोघी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार, आणि बघितला तोही असा! पाणी हिरवं, पण कुठला हिरवा? सगळी शेड कार्डं डोळ्यांपुढे आणली. कुठल्याच कार्डात नाही! सासूबाई म्हणाल्या, "बरंय नाही ते. भिंतीला लावलं तर घर शेवाळलं म्हणतील."

आणि डोंगर! पाण्यातून सरळ वर उठलेले, खाली बारीक, वर जाड, टोकावर झाडं. वाटाड्याने सांगितलं, चुनखडी. अगं बाई — चुना! आपल्या दुकानात मागच्या कोपऱ्यात पोत्यात असतो तोच! सासूबाई मान वर करून हिशेब करायला लागल्या. "यातलं एक बेट फोडलं तर अख्ख्या हैदराबादची सफेदी निघंल."

मग गुहा. मोठी होडी लांब थांबली, रबरी होडक्यात दोघं दोघं. गुहेचं तोंड इतकं बुटकं की वल्हेवाला खुणेने म्हणाला, आडव्या व्हा. सासूबाई बसूनच! मागच्या होडक्यातून करीमभाई ओरडले — "अम्मा, हल्लू लेटो! सर नक्को उठाओ!" झाल्या आडव्या, माझ्या मांडीवर डोकं. छप्पर नाकाला लागतंय, काळोख, वटवाघळांचा वास. त्यांचं सुरू — "भवानी, भवानी, भवानी" — मग तेच नाव घेता घेता हसू फुटलं. मलाही. गुहाभर आमचं खिदळणं!

आणि एकदम उजेड. डोंगराच्या आत गोल तळं, चारी बाजूंनी उंच कडे, वर फक्त आभाळ. सासूबाई म्हणाल्या, "डबे विकून इथवर येता येतं व्हय?"

म्हटलं, आलो की.

गिऱ्हाईक शेड उजेडात धरून बघतं तसं मला बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पोराला नसतं जमलं हे."

सख्खी आई असं म्हणाली! मला इतका आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. ह्यांची आठवण आली. पाण्यात हात घालून बसले.

२५ फेब्रुवारी

सासूबाईंचं नाक उन्हाने सोललंय. कुणी विचारलं नाही तरी दाखवतात.

नाश्त्याला त्यांनी कंपनीच्या साहेबांना गाठलं. रंग मिसळायचं नवीन मशीन अंबरपेठेत पहिलं आमच्याकडे द्या! साहेब म्हणाले, "अम्मा, पहले बड़े डीलर को देते." सासूबाईंनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं, बिल्ल्यावर बोट ठेवलं — "इससे बडा कौन है? मिस्टर है मिस्टर!" साहेब कॉफी सांडून बसले. मशीन देतो म्हणालेत!!

दुकान विकणारी बाई मशीन मागेल का? नाही मागणार. नाहीच!

२८ फेब्रुवारी, घरी

विवेकभावजी रविवारी येतायत. दुकानाचं विचारलं की सासूबाई सोललेलं नाक दाखवतात. चोचीला चोच आठवली की मधेच हसू येतं, आणि मग दुकानाची वही उघडून बसते.

२ मार्च, रविवार

विवेकभावजी आले आणि न जेवताच परत गेले. सासूबाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं — दुकान विकायचं नाही, रेणू चालवतीय. मी सासूबाईंच्या गळ्यातच पडले!

तेव्हा त्या म्हणाल्या, "विमानात बसायच्या आधीच मी त्याला हो म्हणून बसले होते. दुकान तर जाणार, मग तुझी एवढी एक हौस तरी व्हावी, म्हणून आले होते तुझ्यासंगं. त्या डोंगरातल्या तळ्यात मन फिरलं माझं."

म्हणजे तो बदाम, ते हंस, ती गुहा — मी खिदळत होते तेव्हा दुकान गेलेलं होतं! आणि त्यांना ठाऊक होतं!

भांडले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, आवाज चढवून. सासूबाई खाली मान घालून ऐकत बसल्या.